वैद्यकीय शिक्षण : जागा वाढल्या, आता प्रश्न शिक्षकांचा

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ ही ती दहा ठिकाणे. त्यामुळे राज्यात एमबीबीएसच्या ९०० जागांची भर पडली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते १८४५ साली. त्यानंतर स्वातंत्र्य मिळेपर्यंतच्या शंभर वर्षांत आजच्या महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली वैद्यकीय महाविद्यालये एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच होती. हे लक्षात घेतले, म्हणजे आजच्या बदलाचा वेग कळतो.

देशाचे चित्रही याहून वेगळे नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१४ पूर्वी भारतात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. दहा वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, महाविद्यालयांची संख्या ७८० झाली आणि जागा १ लाख १८ हजारांच्या पुढे गेल्या. पदव्युत्तर जागा ३१ हजारांवरून ७३ हजारांवर पोहोचल्या. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागा निर्माण करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. इमारत, खाटा आणि यंत्रे पैशाने उभी करता येतात. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून नाडी कशी पाहावी, पोट कसे तपासावे आणि वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी हे शिकवणारा अनुभवी अध्यापक मात्र अर्थसंकल्पातील तरतुदीने वर्षभरात तयार होत नाही. वैद्यकीय शिक्षणापुढील आजचे बहुतेक प्रश्न, आणि संधीही, या एका अडचणीभोवती फिरतात.

पाया कसा घातला गेला

गोव्यात पोर्तुगीज राजवटीने १८४२ साली वैद्यकशाळा सुरू केली. पुढे तिचेच रूपांतर गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. परळचे सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ च्या सुमारास उभे राहिले तेव्हा देणगीदारांनी घातलेली अट उल्लेखनीय आहे : येथील अध्यापक भारतीयच असावेत. भारतीय डॉक्टर गुणवत्तेत कमी नसूनही वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा तेव्हा इंग्रजी सेवेतील अधिकाऱ्यांकडे जात. संस्थेचे भवितव्य तिच्या अध्यापकवर्गावर ठरते, ही जाण त्या अटीमागे होती.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यापूर्वी देशात दोन प्रकारचे डॉक्टर होते : विद्यापीठाची पदवी घेतलेले आणि कमी मुदतीचा परवाना-अभ्यासक्रम पूर्ण केलेले. खेड्यापाड्यांत आणि लहान शहरांत दवाखाने चालवणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांचा भरणा असे. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून देशभर एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करावा अशी शिफारस केली. समितीतील काही सदस्यांचे मत मात्र वेगळे होते. शिफारस अमलात आली, दर्जा एक झाला, आणि खेड्याला डॉक्टर कोण देणार हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित राहिला. अन्य उपचारपद्धतींच्या पदवीधरांना मर्यादित स्वरूपात आधुनिक औषधे देण्याची मुभा असावी का, यावर महाराष्ट्रात होणारे वाद आणि संप हे त्याच जुन्या प्रश्नाचे नवे रूप होय.

१९८३-८४ पासून, वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, महाराष्ट्राने विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना दारे उघडली. कराड, लोणी अशा ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. शासनाकडे पैसा नव्हता आणि विद्यार्थ्यांची रांग मोठी होती. या धोरणाने ग्रामीण भागात मोठी रुग्णालये आणली हे खरे. त्याचबरोबर देणगीचा बाजारही आणला. १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला आणि शुल्काचा प्रश्न पुढे वारंवार सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५ च्या राज्य कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाची व्यवस्था आणली. तरीही शासकीय आणि अभिमत महाविद्यालयांच्या वार्षिक शुल्कातील अंतर आज कित्येक पटींचे आहे.

परिषद गेली, आयोग आला

भारतीय वैद्यक परिषद १९३४ साली स्थापन झाली आणि १९५६ च्या कायद्याने तिला नवे रूप मिळाले. महाविद्यालयांना मान्यता देणे, अभ्यासक्रम ठरवणे आणि डॉक्टरांच्या आचरणावर देखरेख ठेवणे ही सारी सत्ता एकाच निर्वाचित मंडळाच्या हाती होती. २०१० साली परिषदेच्या अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली आणि केंद्राने परिषद बरखास्त केली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने परिषदेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा झाला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून आयोगाने कारभार हाती घेतला. पदवी शिक्षण, पदव्युत्तर शिक्षण, महाविद्यालयांचे मूल्यांकन आणि नीती व नोंदणी अशी चार स्वायत्त मंडळे आयोगाखाली आहेत.

सत्तेची विभागणी झाली तरी तपासणीचे जुने दुखणे गेले, असे म्हणता येत नाही. मान्यतेच्या तपासणीदिवशी अध्यापक हजर आणि एरवी खुर्ची रिकामी, हा प्रकार वैद्यकीय क्षेत्रात सर्वांना ठाऊक असलेला. त्यावर उपाय म्हणून आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आणि पुढे २०२५ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवणारी हजेरी सक्तीची करण्यात आली. त्याच वर्षी केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांच्या तपासणीतील कथित लाचखोरीबाबत अनेकांविरुद्ध गुन्हा नोंदवला. हजेरीचे यंत्र अध्यापक इमारतीत आला होता एवढेच सांगू शकते. तो वॉर्डात किती वेळ होता, हे विद्यार्थीच सांगू शकतो.

प्रवेशाचा एकच दरवाजा

नीट ही परीक्षा प्रथम मे २०१३ मध्ये झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला आणि आता एमबीबीएसचा प्रवेश देशभर या एकाच परीक्षेवर होतो. २०२५ साली २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ती दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांतील दरी या आकड्यांतच दिसते. अनेक परीक्षांची धावपळ संपली, खासगी महाविद्यालयांच्या स्वतंत्र परीक्षांतील संशयास्पद व्यवहारांना आळा बसला, हा नीटचा निर्विवाद फायदा. मात्र सारे काही एकाच दिवसावर आल्याने त्या दिवशीच्या गैरप्रकाराचा फटकाही देशव्यापी बसतो. २०२४ मध्ये प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या; संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास न्यायालयाने नकार दिला, परंतु परीक्षा यंत्रणेवरचा विश्वास डळमळला तो डळमळलाच.

एका दरवाजाने काही चांगल्या वाटाही बंद केल्या. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने झाली. या संस्थेच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारांवर एक प्रश्नपत्रिका असे. ग्रामीण सेवेची ओढ असलेला विद्यार्थी निवडण्याचा तो एक प्रयत्न होता. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही मुलाखतीसह बहुपदरी निवडपद्धत होती; तिच्या हक्कासाठी त्या संस्थेने २०१७ साली एमबीबीएसच्या शंभरपैकी केवळ एक जागा भरली. नीटच्या गुणांत जीवशास्त्राचे, रसायनशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे ज्ञान मोजले जाते. माणसाविषयीची आस्था त्यात कुठे मोजायची, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

महाराष्ट्रात आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा मराठवाड्याबाहेर फारशी झाली नाही. राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के सर्व राज्यासाठी, अशी पद्धत अनेक वर्षे होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून तेथील विद्यार्थ्याला चांगले गुण असूनही प्रवेश हुकतो, ही तक्रार जुनी होती. सप्टेंबर २०२० मध्ये हे प्रादेशिक बंधन रद्द झाले.

नीट २०१७ पासून मराठीतूनही देता येते. तरी मराठी प्रश्नपत्रिका निवडणाऱ्यांची संख्या राज्यातील एकूण परीक्षार्थींच्या मानाने अल्पच राहिली आहे, कारण पुढचे सारे शिक्षण इंग्रजीत होते. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. देशी भाषेतील वैद्यकीय शिक्षण ही काही आजची कल्पना नव्हे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्र उर्दूतून शिकवले जात असे. मात्र पाठ्यपुस्तकाच्या भाषेपेक्षा रुग्णाची भाषा हा अधिक निकडीचा विषय आहे. नंदुरबारच्या वॉर्डात भिली आणि पावरी, तर गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारे रुग्ण येतात. अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांवर परप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यालाच नव्हे, पुण्या-मुंबईच्या मराठी विद्यार्थ्यालाही तेथे दुभाषा लागतो. पहिल्या वर्षाच्या आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेला आता जागा आहे. ती किती गांभीर्याने शिकवली जाते, हे महाविद्यालयागणिक बदलते.

बावीस वर्षांनी बदललेला अभ्यासक्रम

१९९७ च्या नियमावलीनंतर थेट २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम मुळापासून बदलला. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता हा सांगाडा कायम राहिला. बदलला तो भर. विद्यार्थ्याला काय ‘माहीत’ आहे याऐवजी त्याला काय ‘करता येते’ हे पाहायचे, म्हणून या पद्धतीला क्षमताधिष्ठित शिक्षण म्हणतात. पूर्वी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदनगृह आणि प्रयोगशाळा यांच्यातच असे. रुग्णाचे दर्शन दुसऱ्या वर्षी. आता पहिल्या वर्षापासूनच रुग्णाशी संपर्क येतो. हृदयाची रचना शिकतानाच झडपेचा आजार असलेला रुग्ण पाहिला, तर ती रचना विसरणे कठीण, हा त्यामागचा साधा विचार. वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद हा स्वतंत्र घटक सर्व वर्षांत विभागून दिला आहे. कौशल्यांची नोंदवही ठेवावी लागते. शिरेतून रक्त घेणे, टाके घालणे, प्रसूती करणे यांपैकी कोणती गोष्ट नुसती पाहायची, कोणती देखरेखीखाली करायची आणि कोणती स्वतंत्रपणे करता आली पाहिजे, हे त्यात ठरवून दिलेले असते. कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यांवर सराव करण्याची सोय अनिवार्य झाली.

अभ्यासक्रम कागदावर उत्तम आहे. त्याची खरी अट मात्र अध्यापकांच्या संख्येत दडलेली आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गाला एका व्याख्यात्याने तासभर शिकवणे शक्य असते. त्याच शंभर जणांना आठ-दहांच्या गटांत विभागून प्रत्येकाच्या हातून कौशल्य करवून घ्यायचे आणि नोंदवहीत सही करायची, तर अध्यापक कित्येक पटींनी जास्त हवेत. ते नसतील तेथे नोंदवहीवरच्या सह्या वर्षाअखेरीस एकगठ्ठा होतात, अशी तक्रार विद्यार्थी करतात. कोविडकाळात २०२० आणि २०२१ मध्ये शिक्षण पडद्यावर गेले, तेव्हा या नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तुकड्यांचा रुग्णसंपर्क तुटला होता.

कुटुंब दत्तक कार्यक्रम हा या बदलांतील विशेष लक्षणीय भाग. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातील काही कुटुंबे नेमून दिली जातात आणि शिक्षणाच्या काळात त्याने त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची असते. सेवाग्रामला ही कल्पना नवी नाही. तेथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्या वर्षी विद्यार्थी गावात मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या घरी नंतरही जात राहतात. हे कित्येक दशके चालले आहे. गंमत अशी, की ज्या संस्थेची निवडपद्धत राष्ट्रीय व्यवस्थेने काढून घेतली, तिचीच अध्यापनपद्धत त्या व्यवस्थेने देशभर नेली. फरक एवढाच, की सेवाग्रामात विद्यार्थ्यासोबत गावात जाणारा सामाजिक वैद्यकशास्त्राचा अध्यापक असतो. बसमधून एका दुपारी आणलेले विद्यार्थी वजन-उंची मोजून परत जातात, तेव्हा त्या कुटुंबाला किंवा विद्यार्थ्याला काही लाभते का, हा प्रश्नच आहे.

एमबीबीएसची अंतिम परीक्षा, डॉक्टरकीचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या तिन्हींसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा घेण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. जुलै २०२३ मध्ये ती पुढील निर्देशापर्यंत लांबणीवर टाकण्यात आली. असमान दर्जाच्या महाविद्यालयांना एकाच मापाने मोजण्यापूर्वी ती समान पातळीवर आणायला हवीत, हा विद्यार्थ्यांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

जिल्ह्याचे महाविद्यालय

या साऱ्या बदलांत सर्वांत मोठी संधी आहे ती जिल्ह्याच्या ठिकाणी. २०१४ पासून केंद्राच्या योजनेखाली देशात १५७ जिल्हा रुग्णालयांना जोडून महाविद्यालये मंजूर झाली. महाराष्ट्रात गेल्या दशकात गोंदिया, चंद्रपूर, जळगाव, बारामती, नंदुरबार, सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, धाराशिव, परभणी, रत्नागिरी आणि २०२४ ची दहा, अशी शासकीय महाविद्यालये निघाली. १०० जागांच्या महाविद्यालयाला आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार ४२० खाटांचे रुग्णालय हवे आणि वर्षभर सरासरी ८० टक्के खाटा भरलेल्या हव्यात. जिल्हा रुग्णालयात पूर्वी एखादाच भूलतज्ज्ञ आणि एखादाच बालरोगतज्ज्ञ असे. तो रजेवर गेला की रुग्णवाहिका नागपूर, नाशिक किंवा मुंबईच्या रस्त्याला लागे. महाविद्यालय आले की त्याच आवारात त्या विषयांचे विभाग उभे राहतात, रक्तपेढी आणि अतिदक्षता कक्ष वाढतात, रात्री आंतरवासिता करणारे डॉक्टर आणि कालांतराने निवासी डॉक्टर असतात. गडचिरोलीतील बाळंतिणीच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अर्थात विभाग ‘उभे राहतात’ हे सर्वत्र सारखे घडत नाही. नव्या महाविद्यालयांत मंजूर पदे भरली जात नाहीत, काही कंत्राटावर भरली जातात, आणि जुन्या महाविद्यालयांतील अध्यापकांना प्रतिनियुक्तीवर पाठवले जाते. त्यामुळे नव्या ठिकाणची पोकळी भरताना जुन्या ठिकाणी दुसरी पोकळी निर्माण होते. अध्यापक जिल्ह्याला का टिकत नाही, याची कारणे गूढ नाहीत. निवासस्थान, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, कंत्राटी नेमणुकीतील अनिश्चितता आणि खासगी रुग्णालयातील कितीतरी जास्त उत्पन्न. त्यात एक प्रशासकीय गुंता असा, की जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. जिल्हा शल्यचिकित्सक एका खात्याचा, अधिष्ठाता दुसऱ्या खात्याचा. औषधखरेदी कोणी करायची, परिचारिका कोणाच्या आदेशाने काम करणार, यात महिने जातात.

जुलै २०२५ मध्ये आयोगाने अध्यापकांच्या पात्रतेचे नियम शिथिल केले. २२० हून अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांत दहा वर्षे काम केलेल्या पदव्युत्तर तज्ज्ञाला सहयोगी प्राध्यापक होता येईल. दोन वर्षांचा अनुभव असलेल्याला सहायक प्राध्यापकपद मिळू शकेल. यावर दर्जा घसरेल अशी टीका झाली. ती पूर्ण खरी मानण्याचे कारण नाही. हजारो प्रसूती आणि शस्त्रक्रिया केलेला जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ विद्यार्थ्याला जे शिकवील, ते नुकताच पदव्युत्तर झालेला तरुण शिकवू शकेलच असे नाही. मात्र शिकवणे ही वेगळी विद्या आहे आणि संशोधनाची सवय तर त्याहून वेगळी. नियम बदलल्याने पद भरते. या तज्ज्ञांना अध्यापनाचे प्रशिक्षण आणि अध्यापनासाठी वेळ मिळाला, तरच अध्यापक तयार होईल. ज्याला सकाळी दीडशे रुग्णांची ओपीडी आटोपायची आहे, तो विद्यार्थ्याला काय आणि कधी शिकवणार?

जिल्ह्यात राहून जागतिक दर्जाचे संशोधन होत नाही, हा समज महाराष्ट्राने केव्हाच खोटा ठरवला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे रायगड जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. विंचूदंशाने तरणीताठी माणसे आणि मुले दगावताना त्यांनी पाहिली, रात्र-रात्र रुग्णाजवळ बसून रक्तदाब आणि हृदयाच्या बदलांची नोंद ठेवली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू कमी करता येतात हे दाखवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले ते काम पुढे देशाच्या धोरणाचा भाग झाले. ही दोन्ही कामे वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराविना झाली. आज अलिबागला महाविद्यालय आहे आणि गडचिरोलीलाही. नंदुरबार-गडचिरोलीतील सिकलसेल, सिंधुदुर्गातील लेप्टोस्पायरोसिस आणि माकडताप, कोकणातील सर्पदंश आणि विंचूदंश, विदर्भ-मराठवाड्यातील कीटकनाशकांची विषबाधा हे विषय मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयात कधीच नीट शिकता येणार नाहीत. तेथील सूक्ष्मजीवशास्त्र आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागांना प्रयोगशाळा आणि दोन-तीन स्थिर अध्यापक मिळाले, तर हीच महाविद्यालये काही आजारांची देशातील अधिकारी केंद्रे होऊ शकतात.

पदव्युत्तरची गर्दी आणि रिकाम्या जागा

पदव्युत्तर शिक्षणात क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, जनरल मेडिसिन यांना प्रचंड मागणी आणि शरीररचना, जीवरसायन अशा विषयांच्या जागा रिकाम्या, असे विचित्र दृश्य दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये तर पदव्युत्तर नीटची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली. ज्या विषयांच्या जागा रिकाम्या राहतात, त्याच विषयांचे अध्यापक नव्या महाविद्यालयांना पहिल्या वर्षी लागतात. उलट बाजूने पाहिल्यास, अध्यापनाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला या विषयांत इतक्या लवकर स्थिर प्राध्यापकपद मिळण्याची शक्यता यापूर्वी कधी नव्हती. आपत्कालीन वैद्यक, कुटुंबवैद्यक, वृद्धोपचार आणि वेदनाशामक उपचार या शाखाही आता वाढत आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी पदवी आणि दोन वर्षांच्या पदविका जिल्हा रुग्णालयांतूनही करता येतात, हे अनेकांना माहीत नसते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणेही आता बंधनकारक आहे.

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न जुनाच आहे. केंद्राच्या १९९२ च्या आदेशात आठवड्याला ४८ तासांची अपेक्षा व्यक्त झाली होती; २०२४ साली आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने ७४ तासांची मर्यादा सुचवली. तीस वर्षांत अपेक्षाच वाढून बसली, असे म्हणावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा रात्रपाळीत विश्रांतीला सुरक्षित खोलीही नसते हे साऱ्या देशाला समजले.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने हल्ला केला, तेव्हा हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांत महाराष्ट्रातीलही होते. परदेशी पदवी घेऊन येणाऱ्यांना २००२ पासून चाळणी परीक्षा द्यावी लागते. तीत ३०० पैकी १५० गुण हवेत आणि उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक वेळा तीनात एकापेक्षाही कमी असते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचे इंग्रजी माध्यमातील शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता, त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता आणि परतल्यावर भारतात पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. यांपैकी एक अट चुकली तरी सारी वर्षे वाया जातात. दलालाच्या माहितीपत्रकावर विसंबून पैसे भरण्यापूर्वी हे नियम पालकांनी स्वतः वाचणे हिताचे.

महाविद्यालय निवडताना

शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, १५ टक्के केंद्रीय समितीमार्फत आणि अभिमत विद्यापीठांतील सर्व जागा केंद्रीय समितीमार्फतच भरल्या जातात. पसंतिक्रम भरताना विद्यार्थी बहुधा मागील वर्षीचे गुण आणि शहराचे नाव पाहतात. त्याऐवजी काही साध्या गोष्टी विचाराव्यात. बाह्यरुग्ण विभागात रोज किती रुग्ण येतात? खाटा खरोखर भरलेल्या असतात का? मेडिसिन, शल्यचिकित्सा, प्रसूती आणि बालरोग या चार विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक किती? वसतिगृह रुग्णालयापासून किती दूर? नव्या महाविद्यालयात सुविधा कमी असतील, पण रुग्ण भरपूर आणि विद्यार्थी थोडे असल्यास हाताने काम करण्याची संधी जुन्या नामांकित महाविद्यालयापेक्षा जास्त मिळते. तेथे आधीच्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी तासभर बोलले, तर संकेतस्थळावरील छायाचित्रांपेक्षा अधिक कळते.

महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. अनेकजण या वर्षाकडे पदव्युत्तर अभ्यासातील अडथळा म्हणून पाहतात. ज्यांना हे वर्ष करायचे आहे, त्यांनी नेमणुकीच्या यादीतील प्राथमिक आरोग्य केंद्राला जमल्यास आधी भेट द्यावी. तेथे प्रसूती होतात का, विंचू आणि सर्पदंशाची औषधे शिल्लक आहेत का आणि रात्री सोबत परिचारिका असते का, एवढे पाहून मगच पसंती नोंदवावी.